काम एकाने सांगितले, देणे दुसऱ्याच्या नावावर गेले

सांगली, मिरज आणि कुपवाड परिसरात गोदामे, बेदाण्याची शेड, दुकानांचे गाळे आणि लहान कारखाने बांधून देणारे माझ्यासारखे अनेक ठेकेदार आहेत. आमचा बहुतेक व्यवहार ओळखीवर आणि एकपानी वर्क ऑर्डरवर चालतो. ज्याने काम सांगितले, ज्याने साइटवर उभे राहून कामात बदल करून घेतले, तोच पैसे द्यायला बांधील आहे, असे आपण सगळेच धरून चालतो. कायदा मात्र प्रत्येक वेळी तसे मानत नाही. याच फटीचा उपयोग करून माझे सतरा लाख ऐंशी हजार रुपये अडवण्यात आले आहेत. प्रकरण न्यायालयात असल्यामुळे मी कोणाचेही नाव लिहीत नाही. व्यवहार पायरीपायरीने कसा वळवला गेला, हे मात्र इतर ठेकेदारांना कळावे यासाठी सविस्तर लिहीत आहे.

मार्केट यार्डातील एका अडत्यामार्फत ते गृहस्थ माझ्याकडे आले. हळद आणि बेदाणा ठेवण्यासाठी त्यांना शहराबाहेर गोदाम बांधायचे होते. दर ठरले आणि वर्क ऑर्डर मिळाली. ती त्यांच्या व्यापारी पेढीच्या लेटरहेडवर होती, खाली त्यांची सही होती, आणि कोणत्याही कंपनीचा, संचालकाचा किंवा ‘करिता’ अशा शब्दाचा तिच्यात उल्लेख नव्हता. पाच लाखांची उचल त्यांच्या स्वतःच्या खात्याच्या चेकने आली. पहिल्या दोन रनिंग बिलांचे, म्हणजे काम चालू असताना टप्प्याटप्प्याने दिलेल्या बिलांचे, पैसे वेळेवर मिळाले आणि त्यांवरचा एक टक्का टीडीएसही नियमाप्रमाणे कापला गेला. कापलेला कर त्यांच्या पेढीच्या नावाने माझ्या फॉर्म २६ एएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याकडील करकपातीच्या नोंदीत, दिसत होता. ही नोंद पुढे किती मोलाची ठरणार होती, याची त्या वेळी कोणालाच कल्पना नव्हती.

दुसऱ्या बिलानंतर त्यांनी सांगितले, की यापुढची बिले एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या नावे करा, म्हणजे जीएसटीचे इनपुट क्रेडिट, म्हणजे बिलावर भरलेल्या कराची वजावट, घेता येईल. मी विचारणा केली तेव्हा उत्तर मिळाले, “नाव फक्त हिशेबापुरतं. पैशाला मी बसलोय ना.” हे कारण ऐकायला अगदी रास्त वाटते. पण केंद्रीय वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम १७(५) नुसार स्वतःच्या वापरासाठी बांधलेल्या इमारतीच्या कामावरचे इनपुट क्रेडिट सर्वसाधारणपणे मिळतच नाही. यंत्रसामग्रीच्या पायासारख्या कामांना तेवढी सूट आहे. म्हणून मध्येच बिलाचे नाव बदलण्यासाठी कोणी हे कारण पुढे केले, तर आपल्या कर सल्लागाराला त्याच दिवशी विचारावे आणि तोपर्यंत जुन्याच नावाने बिल द्यावे.

त्यानंतर तिसरे आणि चौथे बिल कंपनीच्या खात्यातून अर्धेमुर्धे आले. काम मात्र वाढत गेले. काळ्या मातीमुळे पाया ठरल्यापेक्षा खोल घ्यावा लागला आणि मुरुमाची भरणी वाढली. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर या भागात जोते उंच घेण्याचा आग्रह सर्रास असतो. तसा इथेही झाला. हे सगळे बदल त्याच गृहस्थांनी साइटवर उभे राहून सांगितले, आणि जादा कामाच्या मोजमापांवर सह्याही त्यांनीच केल्या. ट्रिमिक्स फरशी पूर्ण होऊन गोदामात माल भरला गेला. मग अंतिम बिलावर चर्चा सुरू झाली, मग हळदीचे दर पडल्याचे कारण आले, आणि शेवटी फोन उचलणे बंद झाले.

वकिलामार्फत नोटीस दिल्यावर जे उत्तर आले, त्यात कामाबद्दल एकही तक्रार नव्हती. उत्तरात एवढेच म्हटले होते, की आमचे अशील हे संबंधित कंपनीचे केवळ अधिकृत प्रतिनिधी होते, त्यांनी केलेला सर्व व्यवहार कंपनीच्या वतीने होता, त्यामुळे त्यांच्यावर कोणतीही वैयक्तिक जबाबदारी येत नाही आणि मागणी कंपनीकडे करावी. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर शोध घेतल्यावर कळले, की त्या कंपनीचे भरणा झालेले भांडवल एक लाख रुपये आहे, संचालक म्हणून त्यांचा पुतण्या आणि एक नोकर यांची नावे आहेत, आणि ज्यांनी सगळा व्यवहार केला ते स्वतः संचालकसुद्धा नाहीत. सातबारा आणि बांधकाम परवाना त्यांच्या आईच्या नावे निघाला. कंपनीकडे त्या जागेचा फक्त भाडेकरार आहे. म्हणजे गोदाम उभे आहे, त्यात माल आहे, पण ज्या कंपनीकडे पैसे मागायला सांगितले जाते तिच्याकडे वसूल करण्यासारखे काहीही नाही. भिंतीत गेलेली वीट आणि काँक्रीटमध्ये गेलेली सळई जागेचा भाग होते, आणि बिल थकले म्हणून ठेकेदाराला इमारतीवर ताबा किंवा बोजा ठेवण्याचा हक्क आपल्याकडे आपोआप मिळत नाही. हातात उरतो तो फक्त पैशाचा दावा. म्हणूनच तो दावा कोणावर करायचा, हा प्रश्न इतका महत्त्वाचा आहे.

माझ्या वकिलांनी जे समजावून सांगितले ते प्रत्येक ठेकेदाराला माहीत असले पाहिजे, असे मला मनापासून वाटते. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २३० चा मूळ नियम समोरच्या बाजूचा आहे: जो दुसऱ्याच्या वतीने करार करतो, तो एजंट, वेगळे ठरलेले नसेल तर, त्या कराराने वैयक्तिकरीत्या बांधला जात नाही. परंतु त्याच कलमात तीन प्रसंगी उलट गृहीत धरले जाते. परदेशातील व्यापाऱ्यासाठी मालाची खरेदी-विक्री केली असेल, आपण कोणाच्या वतीने करार करतो आहोत त्याचे नाव एजंटाने उघड केले नसेल, किंवा नाव उघड केले तरी त्या मूळ पक्षकारावर दावाच करता येत नसेल, तर एजंट स्वतः बांधील धरला जातो. माझी वर्क ऑर्डर दुसऱ्या प्रकारात बसते, कारण करार झाला त्या दिवशी कंपनीचे नावही मला कळवलेले नव्हते. अशा वेळी कलम २३३ नुसार एजंटावर, मूळ पक्षकारावर किंवा दोघांवरही दावा करता येतो.

समोरच्या बाजूचा खरा आधार नंतरच्या बिलांवर आहे. ठेकेदाराने स्वतःहून कंपनीच्या नावे बिले दिली, म्हणजे जुन्या कराराच्या जागी कंपनीशी नवा करार झाला, असे कलम ६२ वर बोट ठेवून त्यांचे म्हणणे आहे. आमचे उत्तर असे, की दर तेच राहिले, वर्क ऑर्डर तीच राहिली, ती रद्द झाल्याचे पत्र कधीच निघाले नाही आणि आधीच्या देण्यातून त्यांना मुक्त केल्याचा एकही कागद नाही. पहिल्या दोन बिलांवर त्यांच्या पेढीने कापलेला टीडीएस इथे आमच्या बाजूने बोलतो, कारण या ठेक्याचे पैसे आपण देतो आहोत हे त्यांनी स्वतःच आयकर खात्याला कळवले आहे. न्यायालय काय ठरवेल, ते मी आज सांगू शकत नाही. बिलाच्या वरच्या ओळीत बदललेल्या एका नावाने सरळ प्रकरणाचा असा वाद होतो, एवढे मात्र प्रत्यक्ष पाहिले आहे.

“मी बसलोय ना” या शब्दाचेही कायद्यात स्थान आहे. कलम १२६ प्रमाणे हमी तोंडी असली तरी चालते, आणि कलम १२८ प्रमाणे हमीदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. पण ती तोंडी हमी सिद्ध करायला साक्षीदार लागतात, आणि ज्या अडत्यासमोर हे बोलणे झाले त्याचा रोजचा धंदा त्याच गृहस्थांवर अवलंबून आहे. तोच शब्द बिलाच्या मागे दोन ओळींत लिहून घेतला असता, तर कोणाच्याही साक्षीवर विसंबावे लागले नसते. “कंपनीने पैसे न दिल्यास मी स्वतः देईन” एवढे वाक्य आणि खाली सही पुरते. जो खरोखर देणार असतो, त्याला हे लिहून द्यायला अडचण वाटत नाही.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त अन्यायाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. लोखंडाच्या दुकानदाराकडून सळई मी माझ्या नावावर उधार घेतली. रेडीमिक्सवाल्याला चेक माझे गेले. सेंटरिंगच्या मुकादमाने आणि मजुरांनी माझ्या शब्दावर काम केले. त्यांच्यापैकी कोणालाही मी “मी तर फक्त कोणाचा तरी प्रतिनिधी होतो” असे सांगू शकत नाही, आणि सांगणारही नाही. मजुरी मी घरातले मोडून दिली. लोखंडाची उधारी अजून फेडतो आहे. वरच्या माणसाने आपले नाव काढून घेतले की सगळे ओझे मधल्या माणसाच्या वैयक्तिक नावावर येऊन थांबते. लहान ठेकेदारांची घरे अशीच बुडतात.

मध्यंतरी त्यांच्याकडून निरोप आला, की दोन लाख रुपये लगेच देतो, फक्त एका बाकी-खातरजमा पत्रावर सही करा. त्या पत्रात “उर्वरित रक्कम केवळ कंपनीकडून येणे आहे आणि ठेकेदार ती केवळ कंपनीकडूनच मागेल” असे वाक्य होते. वकिलांनी ते पाहताच सही करू नका असे सांगितले. फक्त मूळ पक्षकारालाच जबाबदार धरणार, असा विश्वास एजंटाला देऊन त्याला त्याप्रमाणे वागायला लावले, तर कलम २३४ नुसार नंतर एजंटाला जबाबदार धरता येत नाही. आर्थिक ओढाताणीत असलेल्या माणसाला दोन लाख मोठे वाटतात, हे मला ठाऊक आहे. तरीही असा कागद समोर आला तर तो घरी आणावा आणि वकिलाला दाखवल्याशिवाय त्यावर सही करू नये.

मी पोलिसांकडेही गेलो होतो. तिथे हा दिवाणी वाद असल्याचे सांगण्यात आले. फसवणुकीच्या गुन्ह्यासाठी देण्याचा हेतू सुरुवातीपासूनच नव्हता हे दाखवावे लागते, आणि पहिली बिले वेळेवर दिलेली असली की ते दाखवणे अवघड होते. सुरुवातीला चोख पैसे देण्यामागे हाही हिशेब असू शकतो, असे मी आता मानतो.

काम घेण्यापूर्वी जे तपासता येते, ते फुकट आणि घरबसल्या तपासता येते. जीएसटी क्रमांकातील पहिले दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्रासाठी २७, आणि पुढची दहा अक्षरे पॅनची. त्या पॅनचे चौथे अक्षर, म्हणजे जीएसटी क्रमांकाचे सहावे अक्षर, ‘पी’ असेल तर तो व्यक्तीचा असतो, ‘सी’ असेल तर कंपनीचा, ‘एफ’ असेल तर भागीदारी पेढीचा. जीएसटीच्या संकेतस्थळावर हा क्रमांक टाकला की कायदेशीर नावही दिसते. कंपनी असेल तर कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १२ प्रमाणे तिच्या पत्रांवर आणि बिलांवर नाव, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता आणि ओळख क्रमांक छापणे बंधनकारक आहे. ते नसेल तर विचारावे. ज्या जागेवर बांधायचे तिचा सातबारा किंवा मिळकत पत्रिका आणि बांधकाम परवाना मागावा, आणि वर्क ऑर्डर देणारा, जागेचा मालक आणि पैसे देणारे खाते अशी तीन वेगळी नावे निघाली, तर तिघांच्याही सह्या घेतल्याशिवाय खोदाई सुरू करू नये. मुदतीचेही भान हवे. पैसे देण्याची तारीख ठरलेली नसेल, तर कामाच्या किमतीसाठी काम पूर्ण झाल्यापासून तीन वर्षांत दावा करावा लागतो, आणि “पुढच्या हंगामात बघू” म्हणत ती वर्षे सहज निघून जातात.

बांधकामाच्या ठेक्याचा वाद तीन लाख रुपये किंवा त्याहून अधिक रकमेचा असला, की तो व्यावसायिक न्यायालय कायद्याखाली येतो, आणि तातडीचा अंतरिम आदेश मागायचा नसेल तर दाव्यापूर्वी मध्यस्थी करावीच लागते. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ती सक्तीची असल्याचे स्पष्ट केले आहे. आमच्या मध्यस्थीला समोरून कोणी आले नाही. त्यानंतर ते गृहस्थ आणि कंपनी या दोघांवर, संयुक्तपणे आणि वेगवेगळेही जबाबदार धरावे अशी मागणी करून, सांगलीच्या न्यायालयात दावा दाखल केला आहे. दोघांनाही समन्स पोहोचले असून लेखी म्हणणे यायचे आहे.

दरम्यान तेच गृहस्थ तासगाव बाजूला दुसऱ्या एका शेडसाठी दर मागवत असल्याचे दोन ठेकेदारांनी मला सांगितले. दोघांना दाखवलेल्या लेटरहेडवर दोन वेगळी नावे होती. या भागात अशा प्रकारे ज्यांच्याकडे विचारणा झाली असेल, त्यांनी आपली वर्क ऑर्डर घेऊन मला भेटावे. माझी वर्क ऑर्डर, २६ एएसची नोंद आणि त्या गृहस्थांच्या वकिलांचे उत्तर मी समोर ठेवीन, आणि सही करण्यापूर्वी ती त्यांनी स्वतः वाचून पाहावीत.