पेट फ्रेंडली बीच स्टे, बोर्डी साइड : रूमला चार स्टार, 'बीच आपलाच आहे'ला शून्य

रेटिंग आधीच देऊन टाकते म्हणजे घाईतल्या लोकांना खालपर्यंत यायला नको. रूम आणि जेवण चार स्टार, कुत्र्याची सोय अडीच, आणि जाहिरातीत मोठ्या अक्षरात लिहिलेलं 'प्रायव्हेट बीच, पेट्सना मोकळं सोडा' याला शून्य. जागेचं नाव लिहीत नाहीये, एक तर मालक माणूस म्हणून चांगला आहे, आणि दुसरं म्हणजे त्या पट्ट्यात हीच ओळ कॉपी पेस्ट करणारे बरेच आहेत, त्यामुळे एकाला झोडपून काही होणार नाही.

आम्ही नाशिकच्या इंदिरानगरचे. दोघं, सासूबाई आणि बंड्या. बंड्या म्हणजे आमचा लॅब, लॅब्रॅडॉर कुत्रा, बत्तीस किलो, पाणी दिसलं की अंगात येतं त्याच्या. नाशिकमध्ये कुत्र्याला पोहायला न्यायचं तर सगळे गंगापूर धरणाचं बॅकवॉटर सांगतात, मला ते कधीच पटलं नाही, अरे तेच पाणी उद्या आपल्या नळाला येणार आहे ना, आणि लोक तिथे चक्क शाम्पू घेऊन जातात, मी स्वतः फेस बघितलाय. गोदापार्कच्या बाजूला नदीत सोडायची तर हिंमतच होत नाही, ते पाणी बघूनच कळतं. म्हणून समुद्र.

नाशिकहून जवळचा समुद्र म्हणजे डहाणू-बोर्डीच. त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, पुढे कासा-चारोटी करत डहाणू, दीडशेच्या आसपास किलोमीटर. मॅप जो टाइम दाखवतो त्यात एक तास मिळवा, घाट आहे आणि रस्ता मधेमधे अगदीच गेलाय. मोखाड्याच्या वळणांवर कुत्र्याला गाडी लागते, निघायच्या आधी पोटभर खायला घालू नका, जव्हारला थांबून थोडं पाणी, थोडं फिरवणं, बस. आणि जानेवारी-फेब्रुवारीत जा, मे महिन्यात नको, कारण खाली येतंय.

स्टे चिकूच्या वाडीत आहे. घोलवडच्या चिकूला जीआय टॅग म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, तोच हा सगळा भाग. रूम तळमजल्यावर, खाली साधी फरशी, गालिचा वगैरे काही नाही, कुत्रेवाल्यांसाठी हे बेस्ट, ओला कुत्रा आला तरी पुसलं की झालं. जेवणाला नाव ठेवायला जागाच नाही, बोंबील फ्राय बाहेरून कडक आतून लोण्यासारखा, तांदळाची भाकरी गरम गरम पानात, सासूबाई शाकाहारी तर त्यांना वालाचं बिरडं वेगळं करून दिलं तेही न कुरकुरता. बंड्याला दहीभात विचारून विचारून दिला. इथपर्यंत सगळं छान.

आता कुत्र्याचं. पेट चार्ज रात्रीचे आठशे रुपये वेगळे. त्यात काय मिळालं तर एक स्टीलचं भांडं आणि एक जुनी बेडशीट. टॉवेल नाही. बाहेरचा नळ आहे पण त्याला धार म्हणजे नुसती करंगळीएवढी, आणि खाऱ्या पाण्यातून आलेल्या लॅबला त्या धारेखाली धुणं म्हणजे अर्धा तास, कारण त्याची आतली लव दाट असते, रेती आणि मीठ तिथे राहिलं की खाज, मग चाटून चाटून लाल चट्टा, मग डॉक्टर. शेवटी बादली-मग घेऊन बसलो. कंपाउंडला तीन बाजूंनी भिंत आणि चौथ्या बाजूला तारेची जाळी, तिला खाली मांजर काय डुक्कर जाईल एवढं भोक. फोनवर 'फुल्ली फेन्स्ड' सांगितलं होतं हां. रात्री त्यातून गावातले दोन कुत्रे आत, बंड्या दारामागून भुंकतोय, सासूबाईंची झोप उडाली, सकाळी मला ऐकून घ्यावं लागलं ते वेगळंच.

आणि मग तो बीच. मालक चहा देताना म्हणाले, "ताई, बीच आपलाच आहे, सोडा बिनधास्त." आता बीच कोणाच्या बापाचा नसतो, भरतीची रेघ जिथे येते तिच्या खालची जमीन सरकारची म्हणजे सगळ्यांची, वाडीच्या मागच्या फाटकातून दोन मिनिटांत पोचतो म्हणून ती खाजगी होत नाही. मी काही सोडलं नाही, दहा मीटरची लाँग लीश लावूनच नेला. सुरूच्या झाडांतून बाहेर आलं की किनारा एकदम सपाट, रेती काळसर, ओहोटीला पाणी इतकं लांब जातं की चालून चालून पाय दुखतात. बंड्याने असा पळायचा पवित्रा घेतला आणि तेवढ्यात डाव्या हाताला मला ते दिसलं, जमिनीवर जाळं अंथरून त्यावर जवळा वाळत घातलेला, गुलाबी-पांढरा, लांबच लांब पट्टा, आणि त्याच्या पलीकडे बांबूच्या वलांडीवर, म्हणजे आडव्या बांबूंच्या मांडणीवर, बोंबील टांगलेले, जबडा जबड्यात अडकवून जोडीजोडीने. एक मावशी कावळे हाकत बसलेल्या. त्यांनी आधी कुत्र्याकडे बघितलं मग माझ्याकडे. "ताई, दोरी आखूड धरा. यावर एकदा पाय वर केला ना, की सगळा माल फेकायचा." आवाज चढवला नाही, नुसतं सांगितलं. मी लीश मनगटाला गुंडाळून घेतली आणि लांबून वळसा घालून गेलो.

त्यांच्याशी नंतर थोडं बोलणं झालं. पावसाळ्यात जून-जुलै मासेमारी बंद, त्यानंतर जे काय सुकवायचं ते याच रेतीवर. शनिवार-रविवार आला की मुंबईचे, वापीचे, आपले नाशिकचे असे पाहुणे येतात आणि ज्याला त्याला हॉटेलवाल्याने सांगितलेलं असतं की बीच मोकळाच आहे. मोकळा कुठे, तिथे त्यांचं काम चालू आहे! आपल्या पंचवटीतल्या बाजारात कोणी भाजीच्या ढिगावर कुत्रा सोडेल का? आमचे मालक मूळचे त्याच गावचे, त्यांना हे माहीत नाही असं होऊच शकत नाही, पण बुकिंग हवंय ना. माझा शून्य स्टार याच्यासाठी आहे, जे तुमचं नाही ते आठशे रुपयांत विकू नका.

आता यातूनच निघणारा प्रश्न, कुत्र्यांना सार्वजनिक बीचवर येऊ द्यावं का. सासूबाईंचं ठाम मत, अजिबात येऊ देऊ नये. त्या म्हणाल्या, "अगं, 'काही करत नाही हो तो' असं तुम्ही म्हणता, समोरच्याला काय माहीत? घाबरणारा माणूस समुद्र बघायला येतो, तुमच्या कुत्र्याचे गुण ऐकायला नाही." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि अजूनही नाही. भारतात राहणाऱ्याला कुत्र्याची भीती वाटणं हे काही लाड नाहीत, रेबीज एकदा लक्षणं दिसली की जवळपास हमखास मृत्यूच, त्यामुळे लहान मूल घेऊन बसलेली आई अंग चोरणारच. बंड्याच्या गळ्यातल्या बिल्ल्यावर व्हॅक्सिनची तारीख आहे ती तिला वीस फुटांवरून थोडीच दिसते.

पण सरसकट बंदी म्हणाल तर तेही मला पटत नाही. त्याच बीचवर संध्याकाळी काय काय होतं ते बघा ना. घोडागाडी, तिची लीद, एटीव्ही म्हणजे त्या जाड चाकांच्या चारचाकी बाइक घरघर करत पोरांच्या मधून, एक जण तर अख्खी एसयूव्ही रेतीत घालून बसला होता आणि मग गावातल्या पोरांना धक्का मारायला बोलावत होता, बिअरच्या फुटलेल्या बाटल्या, कुरकुऱ्यांची पाकिटं. बंड्याचा पंजा कापला असता तर तो माणसाच्याच काचेने. आणि गावातले भटके कुत्रे तर तिथे बाराही महिने असतात, त्यांना बोर्ड वाचता येत नाही, म्हणजे बंदी लागू होणार ती फक्त लीशवाल्या, लसवाल्या कुत्र्याला.

इंग्लंडमध्ये बऱ्याच बीचवर साधारण १ मे ते ३० सप्टेंबर कुत्र्यांना मनाई असते, तो त्यांचा गर्दीचा सीझन, बाकी वर्षभर या खुशाल. कॅलिफोर्नियात सॅन दिएगोला कुत्र्यांसाठी वेगळा बीचच आहे. ब्लू फ्लॅग, म्हणजे स्वच्छ-सुरक्षित बीचला मिळणारं आंतरराष्ट्रीय मानांकन, मिळवायचं असेल तर त्या यादीतही कुत्र्यांवर कडक नियंत्रण ठेवा अशी अट आहे, कुत्रा दिसताच कामा नये असं नाही. म्हणजे वेळ आणि जागा ठरवून देणं हा मधला रस्ता जगात चालतो. आपल्याकडे कसं, एक तर 'सोडा बिनधास्त' नाहीतर थेट काठी.

मला विचाराल तर उजाडल्यापासून आठपर्यंत कुत्रे, लीशवर, मासे सुकवायची जागा सोडून, शी उचलायची म्हणजे उचलायचीच. रेतीत पुरायची नाही! हे पुरणारे लोक डोक्यात जातात माझ्या. कुत्र्याच्या विष्ठेतून हुकवर्म नावाचा जंत रेतीत जातो, त्याच्या अळ्या अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतात आणि मग नागमोडी लाल रेघ उठते, प्रचंड खाज. भरती येऊन धुऊन नेईल म्हणतात, भरतीच्या रेघेच्या वर पुरलेलं कोण नेणार? जंताचं औषध आम्ही बंड्याला दर तीन महिन्यांनी देतो, आमच्या डॉक्टरांनी तसं कॅलेंडरच लावून दिलंय. आणि ज्यांना वाटतं की हे सगळं ऐच्छिक आहे त्यांच्यासाठी, पाळलेल्या प्राण्यापासून कोणाला धोका होणार नाही याची काळजी घेतली नाही तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो.

एका ठिकाणी मात्र मी पूर्ण सासूबाईंच्या बाजूने, ते म्हणजे कासवांचे किनारे. वेळास, आंजर्ले, तो सगळा दापोली-मंडणगडचा पट्टा. ऑलिव्ह रिडले माद्या साधारण नोव्हेंबर ते मार्च तिथे येऊन रेतीत अंडी घालतात, एका घरट्यात शंभरच्या आसपास, पिल्लं बाहेर यायला पन्नासेक दिवस, म्हणजे मेपर्यंत हे चालतं. कुत्रे आणि कोल्हे वासावर घरटी उकरतात, म्हणून तर तिथले लोक अंडी उचलून जाळीच्या हॅचरीत ठेवतात. वेळासला २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने हे काम उभं केलंय. तिथे तुमचा कुत्रा कितीही गुणी असो, सीझनमध्ये नेऊच नका, त्याचं नाक गुणी नसतं. थंडीत किनाऱ्यावर पाहुणे पक्षी येतात त्यांचंही तेच, नांदूरमध्यमेश्वरला आपण दुर्बिणी लावून पुटपुटत पक्षी बघतो आणि बीचवर गेलो की कुरव पक्ष्यांच्या थव्यावर कुत्रा सोडून रील काढतो, हे कसं काय?

लाँग लीशबद्दल पण लिहिते कारण तिच्याशिवाय हे काहीच जमलं नसतं. आमच्याकडे आधी नायलॉनची पट्टी होती, ती समुद्रात भिजली की पाणी पिते, जड होते, रेती धरते, आणि कुत्र्याने झटका दिला की तळहात सोलून निघतो. आता बायोथेनची, म्हणजे वरून प्लास्टिकचा थर दिलेल्या पट्टीची, घेतली, महाग आहे पण पाणी धरत नाही, पुसली की कोरडी. कॉलरला नाही, हार्नेसला लावा, दहा मीटर धावून झटका मानेला बसला तर काय होईल विचार करा. ते बटणवालं, दोरी आत ओढून घेणारं लीशचं प्रकरण तर बीचवर नेऊच नका, आत रेती गेली की खेळ खल्लास.

आणखी जे कोणी सांगत नाही ते. समुद्राचं पाणी कुत्रे पितात, बॉल तोंडात धरताना तर पोटात जातंच, आणि मग उलट्या-जुलाब, जास्त झालं तर मीठ चढून जिवावरही बेततं. गोड पाणी बरोबर ठेवा आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी पाजा, मागो न मागो. किनाऱ्यावर मेलेला फुगलेला केंड मासा पडलेला असतो तो कुत्र्याला भयंकर आवडतो आणि तो विषारी असतो. मे महिना नको म्हटलं ते यासाठी, दुपारची रेती पंजे भाजते, आपल्या हाताची मागची बाजू रेतीवर ठेवून बघा, पाच-सात सेकंद ठेववत नसेल तर कुत्र्यालाही नाही.

निघताना मालकांना सगळं सांगितलं. जाळीच्या भोकाचं त्यांनी मान्य केलं, एका रात्रीचा पेट चार्ज स्वतःहून कमी केला, चिकूची पिशवी दिली. जाहिरातीतली ओळ बदला म्हटलं तर हसून "बघू" म्हणाले. काल चेक केलं, ओळ तिथेच आहे, वर आता बंड्याचाच फोटो लावलाय, लीश एडिट करून काढलेली. मी तो फोटो हटवायला सांगितलंय, अजून रिप्लाय नाही.

सासूबाईंना जागा आवडली, पुढच्या वेळी पण येणार म्हणतायत, बंड्याला माझ्या माहेरी ओझरला ठेवून.