नाईलकाठचा शेतकरी की देर अल-मदिनाचा कारागीर?
प्राचीन इजिप्तमध्ये कोणाचं जगणं बरं होतं? शेतकऱ्याची सगळी भिस्त नाईलच्या पुरावर. पूर भरपूर आला तर गहू, जव, जवस हाती लागायचं. कमी पडला तर उपासमार. त्यात कर धान्यातच भरायचा.

देर अल-मदिना या गावातले कारागीर राजांची थडगी कोरत, रंगवत. मजुरी म्हणून महिन्याला साधारण साडेपाच पोती धान्य, शिवाय मासे, भाजी, सरपण, अगदी पाणीसुद्धा सरकारकडून. राजा तिसऱ्या रामसेसच्या कारकिर्दीच्या २९व्या वर्षी धान्य थकलं, तेव्हा त्यांनी काम थांबवून मंदिरांपाशी ठिय्या दिला. हा नोंद असलेला सर्वांत जुना संप मानला जातो, आणि थकलेलं धान्य त्यांनी मिळवलंच! मला कारागिराचं पारडं जड वाटतं. विखुरलेल्या शेतकऱ्याला असं एकत्र बसून हक्क मागणं फार अवघड होतं.