खाद्यगट कुठे न्यावा: व्हॉट्सॲप की टेलिग्राम

सोलापुरात शेंगाचटणी उखळात कुटावी की मिक्सरवर फिरवावी, हा वाद आमच्या व्हॉट्सॲपवरील खाद्यगटात दर हिवाळ्यात नव्याने पेटतो, कारण नव्या सदस्याला गेल्या वर्षीची सगळी चर्चा दिसतच नाही. टेलिग्रामवर गटचालकाने मुभा दिली, तर नवागत पहिल्या संदेशापासून सर्व वाचू शकतो. मंगळवेढ्याच्या ज्वारीची (जिला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले) कडक भाकरी मंद आचेवर किती वेळ वाळवावी, असा प्रश्न पडल्यास शोधपट्टीत ‘कडक’ एवढे टंकले तरी पुरते. सदस्यसंख्येत तर तुलनाच नको: तिकडे 2 लाख, इकडे 1024.

तरीही व्हॉट्सॲपचे पारडे मला हलके वाटत नाही. गटातील खरे जाणकार म्हणजे साठी ओलांडलेल्या काकू आणि मावश्या. त्या पाककृती लिहीत नाहीत, पिठाचे हात पुसून बोलून पाठवतात, आणि मागे उखळाचा ठोका ऐकू येतो. त्यांच्या फोनमध्ये टेलिग्राम नाही, आणि घेण्याची इच्छाही नाही. शिवाय व्हॉट्सॲपच्या गटातील संदेश दोन्ही टोकांना कुलूपबंद असतात, म्हणजे गटाबाहेर कोणालाच, अगदी कंपनीलाही, वाचता येत नाहीत; टेलिग्रामच्या गटातील तसे नसतात. अर्थात चटणीत लसूण किती, हे गुपित कोणी चोरेल अशी भीती नाही.

म्हणून माझे मत असे, की बोलणे आहे तिथेच राहावे आणि सोलापुरातील सिद्धेश्वराच्या, म्हणजे गड्ड्याच्या यात्रेपूर्वी निवडक पाककृती तेवढ्या टेलिग्रामवर हलवाव्यात.