आठ महिने वापरून: कॉर्ड ठीक, बेस झकास, पण ती किक!

चालीला कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर), बेस (खर्जातला सूर) आणि ठेका आपोआप लावणारं एक सॉफ्टवेअर घेतलंय. त्याबद्दल लिहिणार नव्हतो. पण गेल्या आठवड्यात लॅपटॉपची हार्ड डिस्क गेली आणि तिच्याबरोबर त्याचं लायसन्सही. परवानगी दोन मशीनची. नवी डिस्क बसवली तर ते म्हणे तिसरं मशीन. नऊ मेल झाले. दर वेळी नवा माणूस आणि प्रश्न तोच, 'पावती पाठवा'. कंपनीचं नाव घेत नाही. दिवाळीच्या सेलमध्ये साडेचार हजार घातलेत, वर कार्डवाल्यांनी डॉलरचा अधिभार लावला तो वेगळाच.

मी भावगीतांच्या कार्यक्रमांत कीबोर्ड वाजवतो. घरी चाल बसवताना मागे बेस-ठेका हवा, एवढीच गरज. पहिले तीन महिने कॉर्डवरून नुसता वैताग. भूप रागातली ओळ दिली की पठ्ठ्या सी, एफ, जी काढून मोकळा. सी म्हणजे सा धरला, तर एफमध्ये मध्यम, जीमध्ये निषाद, भूपाला दोन्ही वर्ज्य! खरं तर सा रे ग प ध एवढ्यावरच राहायचं तर सी मेजर आणि ए मायनर सोडून तिसरी साधी कॉर्ड बनतच नाही. म्हणजे दोष अर्धा माझाही.

मग एकदा कॉर्ड बंद करून नुसता बेस ऐकला. चाल बिलावल थाटातली, म्हणजे सातही शुद्ध स्वरांची होती. सीवरून ए मायनरला जाताना मध्ये जी घेतला होता, पण बेसला बी, म्हणजे निषाद ठेवून. सा, नि, ध अशी अलगद उतरण. मला सुचली नसती. त्या दिवशी पैसे वसूल वाटले.

आता रूपक, सात मात्रांचा ताल. केहरवा, दादरा याला बरे जमतात. सात मात्राही निवडता येतात. पण तीं तीं ना, धीं ना, धीं ना मध्ये सम, म्हणजे पहिली मात्रा, 'खाली'ची असते, तिथे डग्गा घुमत नाही. डग्ग्याचा घुमारा चौथ्या आणि सहाव्या मात्रेवर. हा मात्र पहिलीवर किक, म्हणजे मोठ्या ड्रमचा ठोका, घालणारच. पुसली, तर 'व्हेरिएशन' दाबलं की पुन्हा हजर. सपोर्टला लिहिलं. उत्तर आलं, पहिल्या ठोक्यावर किक नसेल तर ऐकणारा गोंधळतो. अहो, आमच्या तबलजींना सांगा!

शेवटी हायड्रोजन हे ड्रम वाजवणारं सॉफ्टवेअर उतरवलं. फुकट आहे. सात मात्रांचा पॅटर्न, चौथी-सहावीवर किक, मिडी फाइल (कुठला ठोका कधी, याच्या सूचनांची) काढली, संपलं. जनरल मिडी या ठरलेल्या पद्धतीत ड्रम दहाव्या चॅनलवर, किकचा नंबर ३६, स्नेअर ड्रमचा ३८, त्यामुळे माझ्या जुन्या कीबोर्डनंही निमूट वाजवलं. कॉर्ड आणि बेस मात्र यात नाहीत, ते हातानंच. म्हणून सेलवाल्याला अजून पुरता सोडवत नाही.

ताजा कलम: काल रात्री लायसन्स परत मिळालं. उघडून रूपक लावून बघितला. पहिलीवर किक आहेच.