गिटारचं ड्रोन म्युझिक: मे महिन्यापासून ऐकतेय, आता सविस्तर लिहिते

मे महिन्यापासून गिटारचं ड्रोन म्युझिक, म्हणजे लांबच लांब धरून ठेवलेल्या सुरांचं संगीत, जवळजवळ रोज रात्री ऐकतेय, अख्खा पावसाळा यातच गेला, त्यामुळे आता नीट लिहिता येईल असं वाटतं. आधी मुद्द्याचं सांगते. हे म्युझिक बहुतेक ठिकाणी 'झोपेसाठी', 'फोकससाठी' म्हणून खपवतात आणि तिथेच त्याच्यावर अन्याय होतो. लक्ष देऊन ऐकलं तर यात भरपूर काही आहे, नुसतं मागे लावून ठेवलं तर हाताला काहीच लागत नाही.

ज्यांनी कधी ऐकलंच नाही त्यांच्यासाठी: गिटार आहे, पण गिटारसारखी वाजत नाही. तार छेडली की पहिला जो 'टण्' असा आघात येतो ना, तोच काढून टाकलेला असतो. व्हॉल्यूम पेडल बंद ठेवून तार छेडायची आणि मग पायाने आवाज हळूहळू वर आणायचा, किंवा ईबो नावाचं एक छोटं बॅटरीवरचं यंत्र तारेवर धरायचं, ते चुंबकाच्या जोरावर तार थरथरत ठेवतं, धराल तितका वेळ सूर चालू. कुठलं वाद्य आहे हे आपला कान बरंचसं त्या पहिल्या आघातावरूनच ओळखतो, तो गेला की गिटार कधी ऑर्गन वाटते तर कधी लांबून येणारं व्हायोलिन. त्यावर डिले (थोड्या वेळाने परत येणारा पडसाद), रिव्हर्ब (मोठ्या हॉलसारखा घुमारा), लूप (तोच तुकडा परत परत) असे थर चढवत जातात. ड्रम नाही, ठेका नाही.

सगळ्यात जास्त ऐकणं झालं ते स्टार्स ऑफ द लिडचं. टेक्सासमधल्या ऑस्टिनचे दोघं, अ‍ॅडम विल्ट्झी आणि ब्रायन मॅकब्राइड. 2001 चा 'द टायर्ड साउंड्स ऑफ स्टार्स ऑफ द लिड' आणि 2007 चा 'अँड देअर रिफाइनमेंट ऑफ द डिक्लाइन', दोन्ही शिकागोच्या क्रँकी या रेकॉर्ड कंपनीचे, दोन्ही साधारण दोन-दोन तासांचे. मॅकब्राइड 2023 मध्ये गेले, त्यामुळे या जोडीचं आता नवीन काही येणार नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सुरुवातीचे काही आठवडे वाटायचं की यात काही घडतच नाहीये. मग हळूहळू कान बसला. एक कॉर्ड (एकत्र वाजणारे काही सूर) येते, इतकी रेंगाळते की दुसरी आली तरी पहिली अजून हवेत असते, आणि त्या दोघींच्या मधल्या चार-पाच सेकंदांत जे होतं तेच खरं ऐकायचं. दोन सूर अगदी जवळजवळ असले, समजा एक 110 हर्ट्झचा (म्हणजे सेकंदाला 110 कंपनं) आणि एक 111 चा, तर सेकंदाला एक अशी लाट उठते, आवाज मोठा-बारीक, मोठा-बारीक. एकदा ही लाट ऐकू यायला लागली की सूर स्थिर आहे असं परत कधी वाटत नाही. आमच्या फ्रिजची जी घरघर आहे ती 100 हर्ट्झच्या आसपासची (आपली वीज 50 ची, तिच्या दुप्पट), आणि गिटारचा खालचा 'जी' (G) हा सूर 98 चा. या 'जी'वरचा ड्रोन चालू असताना फ्रिज सुरू झाला की सेकंदाला दोन लाटा स्पष्ट ऐकू येतात! आता मी ऐकायला बसण्याआधी स्वयंपाकघराचं दार लावून घेते.

तंबोऱ्यापाशी बसलेल्यांना हे सगळं ओळखीचं वाटेल, आणि तो धागा नुसता भासाचा नाहीये. अमेरिकेत लांबच लांब सूर धरून ठेवणाऱ्या संगीताचा पाया ज्यांनी घातला त्यातले ला मॉन्टे यंग हे 1970 पासून पंडित प्राणनाथांचे शिष्य, आणि प्राणनाथ किराणा घराण्याचे, अब्दुल वहीद खाँसाहेबांकडे शिकलेले. म्हणजे मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांचं जे घराणं तेच. (यंग यांचं ड्रोनचं काम मात्र त्याच्याही आधीपासूनचं.) फरक इतकाच की तंबोऱ्यावर पुढे कोणीतरी गाणार असतं, इथे शेवटपर्यंत कोणी येत नाही, आणि याची सवय व्हायला मला बराच वेळ लागला.

रॉबर्ट फ्रिप आणि ब्रायन ईनो यांचं 1973 चं 'नो पुसीफूटिंग' पण ऐकाच. दोन रेव्हॉक्स टेप रेकॉर्डर, एकच टेप दोघांतून फिरवलेली, पहिल्यावर रेकॉर्ड झालेलं काही सेकंदांनी दुसऱ्यावर वाजतं आणि परत पहिल्याकडे जातं, असं थरावर थर. पण फ्रिपची गिटार मध्येमध्ये चांगलीच टोचते, शांत बसून ऐकायचं म्हणून लावाल तर दचकाल. अर्थ या बँडचा 1993 चा 'अर्थ 2' त्याहून जड, तीनच ट्रॅक आणि सत्तर मिनिटांच्या वर, डिस्टॉर्शन (मुद्दाम फाटवलेला आवाज) पोटात जाणवतं. हा मी दुपारी ऐकते, खालच्या काकू कामावर असतात तेव्हा.

आता वापरातल्या अडचणी. मोबाईलच्या स्पीकरवर अजिबात ऐकू नका, गिटारची सगळ्यात जाड तार 82 हर्ट्झची असते आणि फोनमध्ये तिथलं काही उमटतच नाही, उरतो तो नुसता वरचा धूर. अ‍ॅपमधलं क्रॉसफेड (एक ट्रॅक दुसऱ्यात मिसळणं) शून्य करा, गॅपलेस (दोन ट्रॅकमध्ये खंड न पडणं) चालू करा, ऑटोप्ले बंद करा. हे तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, दोन तासांच्या अल्बमनंतर अचानक कुठलं तरी गाणं दणकन सुरू झालं की सगळा परिणाम पार जातो. लोकलमध्ये उपयोग नाही, गाडीची घरघर खालचे सूर खाऊन टाकते. वाचताना लावून पाहिलं, मला नाही जमलं, एकतर पुस्तक होतं नाहीतर हे.

अजून एक तक्रार या प्रकाराबद्दलच आहे. यात रिकामं काम खूप आहे, एक कॉर्ड, भरमसाठ रिव्हर्ब आणि वर धुक्याचा फोटो. माझी परीक्षा सोपी आहे: दुसरी कॉर्ड आली तेव्हा पहिलीबद्दलचं माझं मत बदललं का? नसेल तर पुढे ऐकत नाही.

सुरुवात करायची असेल तर स्टार्स ऑफ द लिडच्या 2007 च्या अल्बमपासून करा, त्यात गिटारबरोबर सेलो आणि हॉर्न आहेत म्हणून कानाला पकडायला काहीतरी मिळतं. मग 2001 चा. नंतर मिशिगनच्या विंडी अँड कार्ल या जोडप्याचा 1998 चा 'डेप्थ्स', आणि थोडं खरखरीत चालत असेल तर व्हिएन्नाच्या फेनेझचा 'एंडलेस समर', त्यात गिटार लॅपटॉपमधून काढलीये. 'अर्थ 2' सगळ्यात शेवटी, आणि तो हेडफोनवर नको, स्पीकरवरच.