आठ लाइनचा ईपीएबीएक्स घेतला, बाहेरची लाइन निघाली एकच

खाली दवाखाना, वर दोन भावांची दोन बिऱ्हाडं. लँडलाइन दोन: एक दवाखान्याची, एक घरची. दोन्ही नंबर कुठूनही उचलता यावेत आणि खालून वर इंटरकॉमने बोलता यावं, एवढीच गरज. विकणाऱ्याने 'आठ लाइनचा ईपीएबीएक्स' (बाहेरच्या लाइन घरातल्या अनेक फोनांना वाटून देणारं मशीन) बसवला, पैसे घेतले आणि गेला. घरची लाइन जोडायला गेल्यावर कळलं की मशीनमध्ये बाहेरच्या लाइनला जागा एकच आहे. फोन केला तर उत्तर तयार: "साहेब, आठ दिल्यात की, मोजून घ्या!" मोजल्या तर खरंच आठ, पण एक्स्टेंशनच्या, म्हणजे आतल्या फोनांच्या.

यात पकडता येईल असं खोटं काही नसतं, म्हणून हा प्रकार खपून जातो. मशीनचा आकार दोन आकड्यांत सांगतात: १+८, २+८, ३+८. पहिला आकडा बाहेरच्या लाइनचा (ट्रंक किंवा सीओ), दुसरा घरातल्या फोनांचा. '१२ पोर्ट' असं मोघम लिहिलं असेल तर ती बहुधा दोन्हींची बेरीज. शिवाय एका वेळी आतल्या आत किती जोड्या बोलू शकतात, हा तिसरा आकडा आपणहून कोणी सांगत नाही. काही स्वस्त मशीनमध्ये हे मार्ग दोनच असतात, तिसऱ्याला एंगेज टोन. तिन्ही आकडे कोटेशनवर लिहून घ्या. तसंच 'कॉलर आयडी सपोर्टेड' म्हणजे अनेकदा कार्ड घालायची फक्त खाच असते, कार्डाचे पैसे वेगळे. डोअरफोनचंही तेच.

सध्या सगळ्यात जास्त गंडवलं जातं ते फायबरच्या बाबतीत. तांब्याची लाइन गेली, आता आवाज ओएनटीच्या, म्हणजे फायबर कंपनीने घरात बसवलेल्या डब्याच्या, फोन पोर्टमधून येतो. तिथून आरजे-११ ची (साध्या टेलिफोन पिनची) वायर मशीनच्या सीओ पोर्टात घातली की टोन येतो, आणि बसवणारा 'चालू झालं' म्हणून निघतो. खरी गंमत नंतर. समोरच्याने फोन ठेवला तरी मशीनला ते कळत नाही आणि लाइन अडकून राहते. ओएनटीकडून पोलॅरिटी रिव्हर्सल (फोन ठेवल्याची खूण म्हणून लाइनचे प्लस-मायनस उलटणं) मिळत नसेल, तर मशीनला बिझी टोन ऐकून लाइन सोडायला शिकवावं लागतं. आपल्याकडचा बिझी टोन ४०० हर्ट्‌झचा, पाऊण सेकंद चालू आणि पाऊण सेकंद बंद. पण ओएनटी प्रत्यक्षात काय वाजवतो ते ऐकून सेटिंग करावं. फोन करणाऱ्याचा नंबर पाठवायच्या दोन पद्धती आहेत, एफएसके आणि डीटीएमएफ. नंबर दिसत नसेल तर ओएनटी एफएसके पद्धतीने पाठवतोय आणि मशीन डीटीएमएफची वाट बघतंय, किंवा उलट. हे प्रोग्रॅमिंगचं काम आहे. 'मशीन बदलावं लागेल' म्हणणाऱ्याला आधी सेटिंग उघडायला लावा.

'लाइट गेली तरी फोन चालतो' हे वाक्य तांब्याच्या काळात खरं होतं. वीज गेल्यावर मशीन बाहेरची लाइन थेट एका ठरलेल्या फोनला जोडून द्यायचं, आणि त्या फोनला लागणारी वीज एक्स्चेंजकडून येत असे. ओएनटीच बंद पडला तर जोडायला उरतं काय? मशीन आणि ओएनटी दोन्ही यूपीएसवर हवेत.

दुसरी लाइन म्हणून सिमवर चालणारा डबा, म्हणजे एफसीटी, गळ्यात मारतात. 'कुठलंही सिम चालतं' हे २जीच्या डब्याबद्दल साफ खोटं आहे. जिओचं नेटवर्क ४जीपासूनच सुरू होतं, त्याचं सिम त्यात उठणारच नाही. ४जी व्होल्टी (४जीवरूनच बोलायची सोय) लिहिलेलं पाहा आणि स्वतःचं सिम घालून दुकानातच बोलून बघा.

आता वायर. बिलावर ०.५ मिमी तांब्याची टिन्ड (कथलाचा मुलामा दिलेली), भिंतीत मात्र तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. चाकूने खरवडा: खऱ्या टिन्ड तारेला वरून चंदेरी आणि आत लालसर रंग असतो, नकलीत आत पांढरं. मल्टिमीटर असेल तर आणखी सोपं. ९० मीटरच्या बंडलातली एक जोडी एका टोकाला पिळा, दुसऱ्या टोकाला ओहम मोजा. साधारण १६ यायला हवेत. २५ च्या आसपास आले तर तार ०.४ मिमीची आहे नाहीतर ॲल्युमिनियमची. दोन्ही प्रकारांत बिल खोटं. जोडी पिळाचीच हवी. चपटी समांतर वायर लांब नेली की एकाचं बोलणं दुसऱ्याला ऐकू येतं, आणि विजेच्या पाइपातून ओढली तर गुणगुण होते. ते धोक्याचंही आहे, पण मजुरी वाचते म्हणून करतात.

जुनं मशीन नव्या खोक्यात घालून देणारेही आहेत. खोक्यावरचा, मशीनवरचा आणि बिलावरचा सीरियल नंबर जुळवा. झाकण उघडून चिपांवरचे चार आकडे वाचा: १४२३ म्हणजे बहुधा २०१४ सालचा तेविसावा आठवडा. चिप थोडी जुनी असणं साहजिक, दहा वर्षं नाही. कच्च्या बिलावर 'जीएसटी वाचवतो' म्हणणाऱ्याला नको म्हणा, कारण वॉरंटी त्याच कागदाबरोबर जाते. एएमसीत (वार्षिक देखभाल करारात) वीज पडून जळालेलं कार्ड धरलंय का तेही वाचा. वळवाच्या पावसात जळतं ते तेच.

प्रोग्रॅमिंगचा पासवर्ड कागदावर लिहून घ्या. तो स्वतःकडे ठेवून दर बदलाला व्हिजिटचे पैसे उकळणं हा जोडधंदा आहे. डीसा (बाहेरून फोन करून थेट मशीनच्या आत शिरायची सोय) बंद करून घ्या, नाहीतर बाहेरून फोन करणारा तुमच्या लाइनवरून पुढे फोन लावू शकतो. ००ने सुरू होणाऱ्या, म्हणजे परदेशी, नंबरांना कुलूप लावा.

शेवटचा हप्ता, निदान चौथा हिस्सा, चाचणी होईपर्यंत देऊ नका. दोन्ही नंबरांवर बाहेरून एकदम फोन लावा, एक उचलून वरच्या मजल्यावर ट्रान्सफर करा. बाहेरच्याला आधी फोन ठेवायला सांगा आणि लाइन मोकळी झाली का ते दुसऱ्या फोनवरून बघा. मग मेन स्विच पाडून पुन्हा तेच. विकणारा टाळाटाळ करू लागला तर कोटेशन आणि पक्कं बिल हाताशी घेऊन राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवा. आणि उरलेली वायर मागून घ्या, पैसे अख्ख्या बंडलाचे दिलेत.