सहा शनिवार आणि एक ‘लगना’: ऑनलाइन उर्दू वर्गाचा अनुभव

मी मूळची परभणीची. आजोबा निजामाच्या राज्यात वाढले आणि हैदराबादला उस्मानियात शिकले. १९१८ साली ते विद्यापीठ निघालं तेच उर्दू माध्यमाचं, त्यामुळे आजोबांचा किराण्याचा हिशेबसुद्धा उर्दूत. त्यांच्या रोजनिशा ट्रंकेत पडून आहेत आणि घरात एकालाही वाचता येत नाहीत. लिपी मी घरीच गिरवून घेतली, पण नुसती अक्षरं लावून अर्थ लागेना. म्हणून सहा शनिवारांचा एक छोटा ऑनलाइन कोर्स घेतला. विषय एकच क्रियापद, ‘लगना’. फी अठराशे रुपये. वर्गाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण तक्रारीही करणार आहे.

शिकवणाऱ्या बाई लखनौच्या. सगळे त्यांना आपा, म्हणजे ताई, म्हणायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी ‘लगना’ हाताने लिहून कॅमेऱ्यासमोर धरायला लावलं. लाम, गाफ़, नून, अलिफ़. गाफ़च्या डोक्यावर दोन तिरप्या रेघा हव्यात, माझी एकच. ‘बीबी, ये तो लकना हो गया.’ चोपन्नाव्या वर्षी पुन्हा पहिलीत बसल्यासारखं झालं, पण ती दुसरी रेघ आता विसरत नाही.

पुढचे दोन शनिवार मात्र मी चक्क मटार सोलत ऐकले. भूख लगी, आग लगी, नज़र लगी, नौकरी लगी, फ़ोन नहीं लगा, दो घंटे लगे. यात मराठी माणसाला शिकायचं काय? ‘आँख लग गई’ म्हणजे डोळा लागला. ‘उसके मुँह मत लगो’ म्हणजे त्याच्या तोंडी लागू नको. ‘बारिश होने लगी’ म्हणजे पाऊस पडायला लागला. वर्गातला तमिळ मुलगा बिचारा पानं भरत होता, आणि ‘उसने रोने लगा’ नाही, ‘वो रोने लगा’ हे त्याला तीनदा सांगावं लागलं. आपण ‘त्याने रडायला लागला’ कधी म्हणतो का? मला हे सगळं घरचंच, म्हणून मी जरा फुशारले.

चौथ्या शनिवारी फुशारकी उतरली. स्वतःचं वाक्य करा म्हटल्यावर मी म्हणाले, ‘मुझे दो क़लम लगते हैं.’

आपा थांबल्या. वाक्य अजून पुरं व्हायचंय असं त्यांना वाटलं. ‘जी, क्या लगते हैं?’

मी तेच पुन्हा, जरा मोठ्याने.

‘अच्छे लगते हैं? महँगे लगते हैं? या आपके चचा लगते हैं?’

सगळ्यांचे माइक बंद होते, पण खांदे हलताना दिसत होते. गंमत अशी, की हे वाक्य मी पुण्यात भाजीवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांशी बोलत आलेय आणि कुणीही अडवलं नव्हतं. ‘मला दोन पेनं लागतात’ यातलं लागणं उर्दूत नाहीच. तिथे ‘चाहिए’. ‘मला जावं लागलं’ तर ‘मुझे जाना पड़ा’. उलट आपण जिथे ‘वाटतं’ म्हणतो तिथे ‘लगना’ येऊन बसतं: डर लगता है, बुरा लगा, मुझे लगता है. (हे शेवटचं आपांना फारसं पसंत नाही. त्या ‘मेरा ख़याल है’ म्हणतात, आणि ऐकायलाही ते बरं वाटतं.)

त्याच तासाला मी ‘मुझे बस लगती है’ असंही बोलून गेले. घाटात ओकारी येते हे सांगायचं होतं. आपा दचकल्याच, ‘अल्लाह! चोट तो नहीं आई?’ मग ‘सफ़र में जी मतलाता है’ हे वाक्य मिळालं. ते वहीत चौकट करून लिहिलंय.

असं चुकायला मिळणं आणि आपांसारखं कुणीतरी हसत अडवणं, याचेच ते अठराशे. नुसते अर्थ हवे असतील तर प्लॅट्सचा १८८४ चा उर्दू-इंग्रजी कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतो. पण ‘क़लम आपके चचा लगते हैं?’ असं कोश विचारत नाही.

आता तक्रारी. टिपणं नस्तालीकऐवजी, म्हणजे उर्दूच्या नेहमीच्या तिरक्या उतरत्या वळणाऐवजी, अरबीसारख्या साध्या सरळ नस्ख टायपात दिली होती. आजोबांची रोजनिशी काही नस्खमध्ये नाही. रेकॉर्डिंग सात दिवसांत गायब होतं. पाचव्या शनिवारी गावी लग्न होतं, तो तास गेला तो गेलाच. आणि प्रवेश अर्जात मातृभाषा विचारून घेतात, मग त्या माहितीचं पुढे काही करत नाहीत. मराठी आणि गुजराती मंडळींना पहिले तीन तास सोडून थेट चौथ्याला बसवलं असतं तरी चाललं असतं. दक्खनीचा, म्हणजे आमच्या हैदराबाद-मराठवाड्याकडच्या उर्दूचा, तर उल्लेखही नाही. परभणीच्या बाईला हे खटकणारच.

सगळ्यात राग आला तो शेवटच्या दिवशी. ‘जाना पड़ा’ वगैरे नीट कधी शिकवणार असं विचारलं तर कळलं की ‘पड़ना’ हा वेगळा कोर्स आहे, फी वेगळी. म्हणजे आपलं अर्धं ‘लागणं’ त्यांनी दुसऱ्या पाकिटात घालून ठेवलंय. दोन दिवस धुसफुस केली आणि मग पैसे भरले.

आपांना निरोप पाठवला, ‘मुझे फिर पैसे देने पड़े.’ वाक्य बरोबर असल्याचं त्यांचं उत्तर एका शब्दात आलं: ‘दुरुस्त.’